मोरवंड्याच्या बंदरात सगळेच धाकू

मोरवंड्याला तुम्ही संध्याकाळचे आलात हे बरं केलंत. सकाळी येणाऱ्यांना नुसती मासळी दिसते आणि वास येतो, मग नाकाला रुमाल लावून फोटो काढतात आणि जातात. बसा इथे, सुरूच्या सावलीला. समोर जेट्टीच्या डाव्या अंगाला तो काळा कातळ दिसतो ना, त्यावर आता ती हिरव्या साडीतली बाई चढते आहे. आणि बाहेरून एक होडी येते आहे. आता जरा बोलणं थांबवा.

होडीचं इंजिन बंद झालं, कळलं? बिघडलं नाही, मुद्दाम बंद केलं. ऐका आता.

"धाकूऽऽ! इलंस काय रेऽऽ?"

"इलंय गोऽऽ, इलंय!"

झालं. इंजिन पुन्हा सुरू. तुम्हाला वाटलं असेल, बायको नवऱ्याला विचारते आहे, आलास का म्हणून. अहो, त्या होडीवर इस्माईल सोलकर आहे. हाक मारणारी त्याची कुणी लागत नाही. त्याच्या मागून तो निळा ट्रॉलर येतो आहे, तो जुवांव फर्नांडिसचा. त्यालाही हीच हाक पडणार आणि तोही हेच उत्तर देणार. मागे एक पाहुणे मला म्हणाले, तुमच्या गावात एकाच नावाची एवढी माणसं कशी हो? मी म्हटलं, पाण्यावर असेपर्यंत आमच्या बंदरात सगळेच धाकू. जमिनीवर पाय टेकला की ज्याचं नाव त्याला परत मिळतं.

का, ते सांगतो. ही गोष्ट आमच्या पाटलांच्या घरातून आलेली आहे, कारण त्यातलं सगळं आपल्या कानांनी ऐकलेली एक बाई आमच्याच घरची होती.

गोष्ट जुनी. किती जुनी ते विचारू नका. इंजिनं नव्हती, जेट्टी नव्हती, रावळनाथाच्या देवळावर झावळ्यांचं छप्पर होतं. हा समुद्र मात्र असाच होता, असाच वरून शहाणा दिसणारा. समोर पाणी कसं सपाट आहे बघा. त्याच्या पोटात दोन खडक आहेत. उजवीकडची सासू, डावीकडची सून. भरतीला दोघीही पाण्याखाली असतात आणि होडीचं बूड फाडायला एक पुरेशी आहे. बंदरात शिरायचं तर दोघींच्या मधून, दुसरी वाट नाही. यावरून थट्टा करून आमच्याकडे नवीन लग्न झालेल्याला पहिली दोन वर्षं छळतात. आणि त्या वाटेच्या अगदी समोर, नाकासमोर म्हणतात तसा, हा कातळ. होडीचं तोंड कातळाकडे धरलं की माणूस घरी पोचलाच.

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारत नसे. मग समुद्रावरच्या माणसाला हाक मारायची कशी? तर प्रत्येक घराची स्वतःची हाक ठरलेली होती. शब्द नाही, नाव नाही, नुसता सूर. कुणाची एक लांब कूक, कुणाच्या दोन तुटक, कुणाची घशातून वर चढत जाणारी. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासू आधी घरची हाक शिकवायची, मग चूल दाखवायची. हाक मारायची जागाही ज्याची त्याची, आपापल्या मांगरासमोर. मांगर म्हणजे होडी-जाळी ठेवायची खोपी. असे मांगर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या किनाऱ्याने पसरलेले होते. रोज तिन्हीसांजेला बायका ओळीने उभ्या राहायच्या, आपली होडी दिसली की आपली हाक द्यायच्या आणि होडी आपल्या मांगराकडे वळायची. ऐकायला फार गोड लागायचं, असं सांगतात.

कातळापाशी धाकूचं घर होतं. तिथे वाळू नाही, होडी ओढायला जागा नाही, म्हणून ती जागा कुणाला नको होती. धाकू आणि त्याची बायको मथू. दोघंच. एका निवळ सकाळी धाकू एकटाच होडी घेऊन गेला आणि आला नाही. वारा नाही, वादळ नाही, काही नाही. फळी नाही सापडली, वल्हं नाही सापडलं. गावाने शोध घेतला, वाट बघितली, आणि मग रीतीप्रमाणे मथूला सांगितलं, बाय गो, आता त्याची क्रिया उरकून घे. मथू म्हणाली, माणूस आल्याशिवाय गेला कसा म्हणू?

ती रोज कातळावर चढायची आणि घरची कूक द्यायची. उत्तर यायचं नाही. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक, आणि एका संध्याकाळी तिने या किनाऱ्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं ते केलं. नवऱ्याचं नाव घेतलं, भर समुद्राकडे तोंड करून, पोटातून ओरडून. "धाकूऽऽ! इलंस काय रेऽऽ?" नाव घेतलं ते घेतलं, वर 'रे' म्हणाली! बायकांनी कानांवर हात ठेवले. पण मथूचं म्हणणं असं, म्हणे, की घरची कूक होडीला कळते, दर्याला कळत नाही. दर्याकडे एवढी माणसं पडलेली आहेत. त्यातलं आपलं परत मागायचं तर नाव घेऊन मागायला हवं.

आता आहे का याला उत्तर?

मग ते रोजचंच झालं. पाऊस असो, ताप असो, मथू कातळावर. होडीवरचे गडी थट्टा करायचे, अरे धाकू, बायको बोलावते, जा की! पण एक गोष्ट त्यांच्यातल्या एकानेही कबूल केली नाही. अंधुक उजेडात खडकांपाशी आलं की ते सगळे कान त्या हाकेकडे लावायचे. कारण बाकीच्या हाका किनाऱ्याच्या कुठल्याही टोकाकडून यायच्या, ही मात्र नेमकी वाटेसमोरून. हाक नाकासमोर आली की सासू डावीकडे राहिली, सून उजवीकडे राहिली, चला. हात आपोआप सुकाणू धरायचा आणि तोंड थट्टा करायचं.

किनाऱ्यावरच्या बायकांना मात्र भीती वाटायला लागली. तिन्हीसांजेला गेलेल्या माणसाला नाव घेऊन बोलवायचं? तो एकटा थोडाच परत जाईल? जाताना कुणाला तरी घेऊन जाईल. एकाची होडी उशिरा आली, बोट मथूकडे. एकाचं जाळं फाटलं, बोट मथूकडे. पाटलीण अंबूबाय तर तिच्या सावलीला उभी राहीना. अंबूबायला एकुलता एक मुलगा, गुणाजी. नवससायासाचा. तो पाण्यावर गेला की परत येईपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

शेवटी बाळोजी पाटलांनी गाव रावळनाथाच्या देवळात जमवला आणि देवाला कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर फूल चिकटवतात. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. पाटलांनी विचारलं, देवा महाराजा, ही हाक बंद करू का? आणि फूल पडेचना. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. गुरव थकला, गाव ताटकळला, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तेव्हा पाटील उठून म्हणाले, देव काही बोलत नाही, म्हणजे देवाची हरकत नाही. हाक बंद.

आमचे पूर्वज हो! देव गप्प बसला तो विचार करत होता, एवढंही त्यांना सुचलं नाही.

मथूला बजावलं, दसऱ्यापासून कातळावर पाय ठेवायचा नाही, दिवाळीआधी क्रिया करायची, नाहीतर गावातून चालती हो. दसऱ्याच्या संध्याकाळी ती घरातच बसली, तोंडात पदराचा बोळा कोंबून. आवाज आपोआप बाहेर पडेल याची तिला धास्ती होती. त्याच संध्याकाळी एका होडीचं बूड सुनेला घासलं. होडीवाल्याने भरतीला शिव्या दिल्या. का घासलं ते त्याच्याही ध्यानात आलं नाही.

आणि मग तो दिवस आला. बांगडा लागला होता, सगळ्या होड्या बाहेर. दुपार कलली आणि नैर्ऋत्येला आभाळ काळं झालं. बघता बघता वारा सुटला, असा की माडांचे शेंडे जमिनीला टेकायला लागले. त्यामागून पाऊस. हातभर लांबचा माणूस दिसेना, मग देऊळ कसलं दिसतं आणि माड कसले. दिवे लावायचा प्रश्नच नाही, शेकोटी पेटेना. गावातले म्हातारे नुसते हात चोळत उभे. पाऊस मध्येच विरळ व्हायचा तेव्हा खडकांच्या पलीकडे शिडं दिसायची, परत गडप.

बायका धावल्या आपापल्या जागेवर. आणि प्रत्येकीने जीव एकवटून आपली हाक द्यायला सुरुवात केली. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कूक, दोन तुटक, चढता सूर, सगळं एकदम. दोन्ही डोंगरांवर आपटून ते सगळं परत यायचं आणि नवीन हाकांत मिसळायचं. सांगा मला, त्यात त्यांची चूक होती का? पोटचा गोळा पाण्यात आहे, कुंकू पाण्यात आहे, कुठली बाई आपली हाक सोडून गप्प बसेल? पण होड्यांवरून काय ऐकू येत होतं? नुसता कालवा. जो तो आपल्या घरचा सूर शोधायचा आणि जिथे तो असल्यासारखा वाटेल तिकडे होडी वळवायचा. होड्या जागच्या जागी गरगरायला लागल्या. एक सुनेवर आदळलीच. तिच्यावरची माणसं दुसऱ्या होडीने कशीबशी ओढून घेतली.

मथू घरात हे ऐकत होती. ती उठली. गावाची बंदी होती, ती तिने उंबऱ्यावरच ठेवली आणि कातळावर गेली. पण तिने हाक मारली नाही. आधी, पाऊस विरळ झाला तेवढ्यात, बघून घेतलं. होड्या कशा फिरताहेत, कुठल्या हाकेला कुठली होडी वळते आहे, सगळं तिला तिथून दिसलं. आणि ती खाली उतरून किनाऱ्याने धावत सुटली, बायकांचे हात धरत, तोंडावर हात ठेवत.

"गप रवा गो! सगळ्यो एकदम वरडतास, तेंका काय कळतला खयसून येवचा ता? सगळ्यो कातळार चला. एकच हाक मारूया. माझी. ती खयसून येता, ह्या तेंका म्हायत आसा." खयसून म्हणजे कुठून.

अंबूबायने तिला एक थोबाडीत दिली. "मेलेल्या माणसाचा नाव घेवन जित्या झिलाक बोलवू मी? तुझ्या जिभेक काय हाड आसा?"

तिने मथूला बाजूला ढकललं आणि समुद्राकडे तोंड करून पाटलांच्या घरची हाक दिली, लांबच लांब. तेवढ्यात पाऊस जरा विरळ झाला. तिला गुणाजीची होडी दिसली. शिडाला लाल ठिगळ होतं, तिनेच शिवलेलं. आईची हाक त्याला पोचली होती. तिचा सूर त्या कालव्यातून नेमका निवडून त्याने होडी वळवली. आणि पाटलांचा मांगर होता उत्तरेच्या टोकाला. होडी सरळ सासूच्या अंगावर चालली होती.

अंबूबायने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आपणच त्याला खडकावर ओढतो आहोत, हे तिला त्या एका क्षणात कळलं. ती मथूकडे वळली आणि म्हणाली, "सांग गो बाय. काय म्हणू?"

सगळ्या कातळावर चढल्या. पण हाक मारण्याआधी मथू दोन पावलं पुढे गेली आणि पाण्याशी बोलली, असं सांगतात. म्हणाली, "धाकू, ही हाक आजपासून माझी एकटीची नाय. तुका मारलेली हाक आयकान दुसरे येतले. तू रागाव नको." तिच्याकडे त्या हाकेशिवाय होतं काय दुसरं? माणूस नाही, मूल नाही. एक हाक होती, तीही दिली. उद्या तो खरंच कुठे असला आणि त्याने ऐकलं, तर ही आपल्यालाच बोलावते आहे हे त्याला कसं कळणार? तरी दिली.

आणि मग सगळ्या बायका एका तोंडाने, "धाकूऽऽ! इलंस काय रेऽऽ?"

आता नीट ऐका. वारा समुद्राकडून गावाकडे होता. वाऱ्याविरुद्ध हाक धड जात नाही, फुटून तिचे तुकडे पोचतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. घशातून निघालेला आवाज बराचसा मागे देवळाकडे जायला हवा. त्या दिवशी तो अख्खा पुढे गेला. कसा गेला, मला विचारू नका, मी तेव्हा नव्हतो, आणि जे होते त्यांनाही सांगता आलं नाही. खडकांपलीकडच्या गड्यांनी हात थांबवले. तो गोंधळ गेला होता आणि जिची आपण रोज थट्टा केली ती हाक आली होती, नाकासमोरून, जिथून रोज यायची तिथून. गुणाजीने सासूपासून हातभर अंतरावर होडी फिरवली. फिरवताना तो काय ओरडणार? मी धाकू नव्हे, मी गुणाजी बाळोजी, असं सांगत बसायला वेळ होता का? तो ओरडला, "इलंय गोऽऽ! इलंय!"

त्याच्या मागच्या होडीने तेच ऐकलं आणि तेच उत्तर दिलं. मग तिच्या मागची. एकामागून एक होड्या त्या वाटेने आत आल्या, शिडं फाटलेल्या, वल्ही मोडलेल्या, पण आल्या. खडकावर फुटलेल्या होडीची माणसंही आली. बायका पाण्यात धावल्या. कोण कुणाच्या गळ्यात पडलं, कोण कुणाला शिव्या देत होतं, सगळी नुसती रडारड आणि हसणं.

कातळावर मथू एकटी राहिली. नाही, एकटी नाही. गुणाजीला डोळे भरून बघून अंबूबाय परत वर गेली होती. हिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून. वारा पडला होता. पाणी अजून काळंच होतं. मथूने परत एकदा हाक मारली, हळू, रोजच्यापेक्षाही हळू. सवयीने मारली म्हणा.

"धाकूऽऽ! इलंस काय रेऽऽ?"

आणि खडकांच्या पलीकडून, जिथे आता एकही होडी नव्हती, उत्तर आलं. "इलंय गोऽऽ."

अंबूबायने ते आपल्या दोन कानांनी ऐकलं, असं ती मरेपर्यंत सांगत होती. शहाणी माणसं म्हणतात, प्रतिध्वनी असेल. मलाही एकदा एका पाहुण्यांनी ते समजावून सांगितलं. मी त्यांना एवढंच विचारलं, साहेब, प्रतिध्वनी असता तर प्रश्न परत आला असता. उत्तर कसं येईल?

त्या दिवशी मथू खाली उतरली आणि पाटलांच्या घरी बसून पोटभर पेज जेवली. दिवाळीला तिने क्रिया केली का? नाही केली. तिला परत कुणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी गुरवाने गाभारा उघडला तर ते अडून बसलेलं फूल पडलेलं होतं, म्हणे, डावीकडे. हाक बंद करू का, या प्रश्नाला देवाचं उत्तर. इतके दिवस फूल तसंच कसं राहिलं, ते गुरवाला विचारा. तो माझ्यापेक्षा रागीट आहे.

मग बाळोजी पाटलांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. या बंदरात जोवर होडी येते आहे तोवर कातळावरून हीच हाक पडेल, आणि आत येणारा कुणीही असो, कुठल्याही जातीचा असो, कुठल्याही देवाचा असो, तो धाकू होऊन उत्तर देईल. मथूने आपली हाक गावाला दिली. गावाने तिला उत्तर द्यायचं ठरवलं. गावात घरोघरच्या ज्या वेगवेगळ्या हाका होत्या, त्या तिथेच संपल्या. आज त्यातली एकही कुणाला येत नाही.

मथू पुष्कळ जगली. म्हातारपणी दिसेनासं झालं, तरी पोरी तिला हाताला धरून कातळावर नेऊन बसवायच्या. पाण्यात वल्ह्याचा आवाज आला की ती विचारायची, धाकू, इलंस काय रे? आणि होडीवरचा कालपरवा मिसरूड फुटलेला गडीसुद्धा प्रेमाने म्हणायचा, इलंय गो. रोज, प्रत्येक होडीतून. नवरा घरी आल्याचं एवढ्या वेळा कुठल्या बाईने ऐकलं असेल?

ती गेली तेव्हा सगळा गाव मसणात होता. कातळावर कुणीच नव्हतं. बाहेर गेलेल्या होड्या खडकांपाशी आल्या आणि गड्यांना हाक ऐकू आली. पण ती किनाऱ्याकडून नव्हती. पाठीमागून होती, खोल समुद्राकडून, आणि आवाज पुरुषाचा होता.

"मथूऽऽ! इलंस काय गोऽऽ?"

गड्यांनी वल्ही पाण्याबाहेर काढून धरली. कुणी मागे वळून बघितलं नाही, कुणी उत्तर दिलं नाही. ते त्यांनी द्यायचं उत्तर नव्हतं. मग ते गावात आले, आणि त्यांना कळलं.

आजही वाटेपाशी आलं की इंजिन बंद करतात, ते हाक ऐकू यावी म्हणून. आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे, पडद्यावर खडक दाखवणारी यंत्रं आहेत. इस्माईलकडे तर सगळ्यात महागडं आहे. पण इंजिन बंद न करता आत शिरायची त्याची छाती नाही. त्याच्या आजोबांनी त्याला नमाज शिकवला आणि हे शिकवलं.

उद्या सकाळी तुम्ही त्याच्याच होडीतून डॉल्फिन बघायला जाणार आहात ना? परत येताना इंजिन बंद झालं तर घाबरू नका. समोरून हाक येईल. आपलं नाव धाकू नाही म्हणून गप्प बसू नका, इस्माईलबरोबर मोठ्याने उत्तर द्या. मथू गेली ती एक संध्याकाळ सोडली, तर तिला उत्तर मिळाल्याशिवाय या बंदरात आजवर एकही होडी आत आलेली नाही.